बाईंची कोरडी सून

३ नोव्हेंबर

निघालो एकदाच्या! दुकानाला दहा दिवस कुलूप. दारावर पाटी लावली — 'चष्मे पुढच्या आठवड्यात. तोवर सांभाळून चाला.' कल्पना बाईंची. मी नको नको म्हणत होते, लावल्यावर मलाच आवडली.

बाई पुढच्या सीटवर, मांडीवर नकाशा, तोंडात लवंग. नकाशा म्हणजे एक घडीचा कागद. खेड्याखेड्यांतून विखुरलेल्या जुन्या बारवांची वाट. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या पायऱ्यांच्या विहिरी, फारसं कुणी फिरकत नाही अशा. वाटाड्या नाही, तिकीट नाही. दगडांवर नि खांबांवर निळे बाण रंगवलेत, ते धरून आपलं आपण जायचं. प्रत्येक बारवेला फाटक आहे, त्याची किल्ली जवळच्या कुणाच्या तरी घरी. मागायची, बघून यायचं, परत द्यायची.

गेल्या महिन्यात चिरंजीवांचा फोन आला आणि त्याच संध्याकाळी बाईंनी हे फिरणं काढलं. चिरंजीव हा बाईंचा शब्द, मुलावर चिडल्या की वापरायचा. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तो माझा नवरा होता. आता नवरा म्हणता येत नाही आणि नाव लिहायला हात वळत नाही, म्हणून मीही चिरंजीवच लिहिते. तो म्हणाला, "आई, आता इकडे ये. कायमची." त्याच्या बायकोला दिवस गेलेत. बाई म्हणाल्या, "जरा फिरून येते, मग सांगते."

म्हणजे परतलो की उत्तर. बाई राहणार की जाणार, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. गाडी चालवताना समोर बघावं लागतं, हे किती बरं असतं!

बाईंचा चष्मा अजून जुन्याच नंबरचा. चष्मेवालीच्या घरात! "मला दिसायचं ते दिसतं," म्हणतात. नवा करून पिशवीत घेतलाय मी. अजून दिला नाही. आत्ता दिला तर निरोपाची भेट दिल्यासारखं होईल.

४ नोव्हेंबर

पहिली बारव! किल्ली सायकलदुरुस्तीवाल्याकडे. त्याचे हात पंक्चरच्या घमेल्यात. हनुवटीनेच दाखवलं — "त्या खिळ्याला आहे, घ्या. फाटक आधी वर उचला, मग ओढा. नुसतं ओढलं तर रुसतं."

बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. शेत, दोन झाडं, एक बुटकी भिंत. भिंतीपाशी गेले आणि पुढे जमीनच संपली! खाली पायऱ्याच पायऱ्या, चारी बाजूंनी आत उतरत गेलेल्या, मध्ये कोनाडे, एक अर्धी पडलेली कमान. दिवसभर भिंगं घासणारी बाई मी, मला ते अंतर्गोल भिंगासारखंच वाटलं. वर रुंद, मध्ये खोल, आणि तळाशी उजेडाचा एक थेंब.

बाईंचा एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर. सत्तरी उलटली तरी पाणी दिसलं की पायांना घाई होते त्यांच्या. जन्मभर नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवलं. अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं, म्हणून लग्न होऊन आल्यावर मीही बाईच म्हणायला लागले. पाण्यात बोट बुडवून त्यांनी वास घेतला. "जिवंत आहे. पण जरा आजारी." कडेला प्लास्टिक साचलेलं. त्यांनी चपलेने एक पिशवी ओढून काढली. मग मी एक. मग दोघी काढतच बसलो.

ढीग घेऊन वर आलो तर सायकलवाला म्हणतो, "बघायला आलता की साफ करायला?"

बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिला पाहुणी म्हणून बोलवा, जाताना भांडी घासूनच जाईल. मी नाही शिकवलं हो असलं!"

सुरुवात कुणी केली होती?

५ नोव्हेंबर

पोटऱ्यांचं लाकूड झालंय. बाईंना काही नाही! हा कुठला न्याय!

६ नोव्हेंबर

बेकरीच्या माडीवर खोली मिळाली. जमीन कोमट, भट्टी खालीच ना. पावाच्या वासाने जाग आली. किती दिवसांनी अशी, गजर न लावता.

"तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?" — हा प्रश्न जाऊ तिथे येतो. परवा बाई म्हणाल्या, "ही माझी ड्रायव्हर." काल म्हणाल्या, "मी हिची भाडेकरू. भाडं देत नाही." आज बेकरीवालीला म्हणाल्या, "एकाच माणसाने वैतागलेल्या दोघी आहोत आम्ही." ती इतकी हसली की खालून नवऱ्याची हाक आली, "अगं पाव करपले!" करपलेले दोन आम्हालाच दिले. चहात बुडवून खाल्ले. इतकं चांगलं काही मी गेल्या वर्षभरात खाल्लेलं नाही.

खिडकीत बसून ते दिवस आठवले. चिरंजीव घर सोडून गेला तेव्हा बाई त्याच्यामागून जाणार, हे सगळे धरूनच चालले होते. मीसुद्धा. त्यांची मोठी बॅग मी माळ्यावरून काढली, पुसली, स्वयंपाकघरात ठेवली. त्या बाजारातून आल्या. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बॅग उघडली आणि पिशवीतले कांदे तिच्यात ओतले. "बरं केलंस काढलीस. कांद्यांना जागाच नव्हती."

पाच वर्षं ती बॅग कोपऱ्यात उघडी पडली आहे, कांद्यांनी भरलेली. शेजारणी विचारायच्या, सून कसली आता ती, आणि तुम्ही सासू कसल्या? बाई म्हणायच्या, "कांदे कोण निवडेल मग?"

आभार मानायचे राहिलेच माझे. असल्या गोष्टीचे आभार कसे मानतात?

७ नोव्हेंबर

आजची बारव कोरडी. तळाशी गवत, बाभळीचं एक रोपटं, पारव्यांची पिसं. किल्ली देणाऱ्या आजोबांनी आधीच सांगितलं होतं, "काही नाही हो त्यात आता. आमच्या लहानपणी होतं." तरी उतरलो. पाणी कुठवर यायचं त्याच्या रेघा दगडांवर अजून आहेत, एकाखाली एक, उतरत गेलेल्या. बाईंनी वरच्या रेघेवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग आम्ही तळातच डबा उघडला. वर आभाळाचा चौकोन. बाई गंमत म्हणून हात मारून दाखवायला लागल्या — हवेतच! "हे बघ, इथे पाय ढिले. इथे श्वास." कोरड्या विहिरीत सत्तरीची बाई पोहतेय, आणि वरून आजोबा डोकावून बघतायत. म्हणाले, "सांभाळून, बुडाल!"

मला पोहता येत नाही. लग्नातच कुणीतरी म्हणालं होतं, "पोहणाऱ्या बाईंची सून कोरडी!" ते जे चिकटलं ते चिकटलंच. पाणी कमरेच्या वर आलं की माझ्या छातीत कुणीतरी मूठ आवळतं. कधी कान दुखतो सांगितलं, कधी दुकान. बाईंनी कधी ओढून नेलं नाही. गावातल्या दोन पिढ्या शिकवल्या आणि घरातली एक सोडून दिली.

आज विचारलं, "घाबरलेल्या माणसाला तुम्ही सांगता तरी काय?"

"काय वाट्टेल ते," म्हणाल्या. "पाण्यात मी कुणाशी खरं बोलत नाही."

८ नोव्हेंबर

चिरंजीवांचा फोन. बाई अंघोळीला गेलेल्या, मी उचलला. पाच वर्षांत इतकं सरळ बोलणं पहिल्यांदाच झालं. "तूच सांग ना तिला. तुझं ऐकते ती." मग हळू आवाजात म्हणाला, "ये म्हटलं की विषय बदलते. तुझ्यामुळेच अडकलीय ती तिथे. तुलाही कळतंय ते."

कळतंय. त्याच्यावर राग येत नाही, हीच पंचाईत. तो चूक बोलत असता तर किती सोपं होतं!

बाई केस पुसत आल्या. "कोण होतं?"

"दुकानाचं गिऱ्हाईक," मी म्हटलं. "चष्मा कधी मिळेल विचारत होतं."

दुपारच्या बारवेत सुंदर कोरीव खांब होते म्हणे. मला एकही आठवत नाही. तीनदा पायरी चुकले. बाईंनी माझ्या कोपराला धरलं.

सांगायला हवं त्यांना, की जा. मी जा म्हटल्याशिवाय त्या जाणार नाहीत. आणि मी म्हटलं तर जातील. दोन्हींची भीती वाटते. संध्याकाळच्या त्या रिकाम्या स्वयंपाकघराची तर जास्तच. एका माणसाचा चहा कसा करतात? आमचं पातेलंसुद्धा दोन कपांचं आहे.

९ नोव्हेंबर

चुकलो! आणि चुकलो ते किती बरं झालं!

नकाशाच्या वाटेवरच्या निळ्या बाणाखाली बारीक तीन पायऱ्या काढलेल्या असतात. पाणीपुरवठ्याच्या नळाचेही बाण निळेच, फक्त पायऱ्या नाहीत. ज्या चष्म्यातून बाईंना दिसायचं ते दिसतं, त्यातून पायऱ्या कुठल्या दिसायला! "डावीकडे. आता सरळ. आता परत डावीकडे." मी आपली वळवतेय. मला बोलण्याचं सुधरत नव्हतं, बघण्याचं तरी कुठे. शेवटी रस्ता संपला तो एका पंपघरापाशी. पंपवाला बाहेर येऊन म्हणाला, "मीटर बघायला आलात?"

बाई म्हणाल्या, "नाही, बारव बघायला."

तो म्हणाला, "मग ही काय!"

पंपघराच्या मागेच. नकाशात नसलेली. आणि काय बारव! पाणी काचेसारखं, तळाकडे जाणाऱ्या पायऱ्या पाण्यातही मोजाव्यात अशा दिसतात. एका बाजूला पोरं वरून उड्या मारतायत, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर बायका पाय सोडून गप्पा मारतायत. मी विचारलं, "ही नकाशात कशी नाही?"

"आलते की ते नकाशावाले," पंपवाला म्हणाला. "बघितलं, फोटो काढले. म्हणाले, तुम्ही पंप बसवलाय, पोरं पोहतात, वापरात आहे. आम्ही जुन्या बारवा लावतोय."

बाई हसायला लागल्या त्या थांबेनात. "वापरात आहे म्हणून बाद! ऐकलंस का गं भिंगे?" मला भिंगे म्हणतात त्या, लाडात आल्या की.

आणि मग बाईंच्या पिशवीतून पोहण्याचा पोशाख निघाला! मी बघतच राहिले. "अहो, हा आणलात?" "विहिरी बघायला निघाले होते मी. मग काय स्वेटर आणू?"

उतरल्या. एकही थेंब न उडवता, पाण्याने दार उघडून आत घ्यावं तशा. पोरं उड्या मारायची थांबली. बायका उभ्या राहिल्या. बाई मधोमध उताण्या पडल्या, हात पसरून, आभाळाकडे तोंड. घरात जिना चढताना गुडघा धरतात, त्या ह्याच. किती हलक्या दिसत होत्या! इतकं हलकं मी त्यांना बघितलंच नव्हतं कधी. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत एकदाही तलावावर जाऊन बघितलं नव्हतं मी. आज मिळालं बघायला. मिळालं!

पंपवाल्याच्या बायकोने राहायचाच आग्रह केला. खोली रिकामी आहे, अंडी आहेत, बटाटे आहेत. पानं वाढताना तिनेही विचारलंच, "ह्या तुमच्या कोण?"

मी कान टवकारले. आज काय काढतात आता!

बाई मीठ मागत मागत म्हणाल्या, "ही माझी सून. मुलाची नाही. माझी."

१० नोव्हेंबर

सकाळी पायऱ्यांवर आम्ही दोघीच, बाई पोहून आलेल्या. पोरं शाळेत, पंप बंद. बोलून टाकलं.

"बाई, तुम्ही जा तिकडे. बाळ येतंय. माझी काळजी करू नका. मी करीन माझं."

किती वेळा मनात म्हणून बघितलं होतं. आवाज कापला नाही, ह्याचंच समाधान.

बाई पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी जाणारच आहे गं."

"…ठरलंय?"

"त्याचा फोन आला त्याच दिवशी ठरलं. तुला कसं सांगावं सुचेना, म्हणून विहिरी दाखवत हिंडतेय."

मी हसले की रडले, माहीत नाही. दोन्ही एकदमच आलं. म्हणजे मी त्यांना अडवून धरलं नव्हतंच! मी इकडे आठवडाभर त्याग शिजवत बसले होते आणि त्यांनी कधीच गॅस बंद केला होता.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला जायचंय. तो बोलावतो म्हणून नाही, कीव म्हणून नाही. लहान बाळ एकदा ह्या हातांवर पाण्यात धरायचंय मला. आपल्याकडे ते झालं नाही. त्यात तुझं काही नाही, माझंही काही नाही. पण हात आहेत तोवर धरायचंय."

मी त्यांचा हात घेतला. सुरकुतलेला, पाण्याने पांढरा पडलेला.

"चल. ऊठ," म्हणाल्या.

"कुठे?"

"पाण्यात. सुनेला कोरडी ठेवून गेले तर गाव मला हसेल."

जुना सलवार-कमीज घालून उतरले. हो, मी! पहिली पायरी, घोटा. पुढची, गुडघा. मग कंबर, आणि छातीतली ती मूठ. बाई समोर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या, घाई नाही. "थांब तिथेच. मूठ आहे ना? राहू दे. तिला घेऊनच ये." मी तिला कधी मुठीबद्दल सांगितलं होतं? नाही. कधीच नाही.

(तिला लिहिलं वर. बाईंना 'ती' म्हटलं. राहू दे तसंच.)

"आता आडवी हो. पाठीखाली हात आहे माझा. मान सैल. कान बुडू दे."

"सोडू नका."

"नाही सोडत."

"सोडू नका हं बाई!"

"अगं नाही सोडत, गप पड."

कान बुडले आणि जग बंद झालं. माझाच श्वास, लांबून कुणाचा तरी यावा तसा. चष्मा वर ठेवलेला, त्यामुळे आभाळाला कडा नाहीत, नुसता एक निळा डाग. चारी बाजूंनी कुणीकुणी रचलेले दगड. आठशे वर्षं माणसं इथे उतरत आलीत, घडे घेऊन, पोरं घेऊन, आणि आज मी. पाठीखाली बाईंचा तळवा, रुंद, ऊबदार. मी त्यावर सगळं सोडून दिलं. दुकान, घटस्फोटाचे कागद, दोन कपांचं पातेलं, सगळं. मूठ उघडली. कधी ते कळलं नाही.

बाहेर आल्यावर म्हटलं, "किती गरम असतो हो तुमचा हात!"

"हं," म्हणाल्या, आणि केस पिळत बसल्या.

११ नोव्हेंबर

राग आलाय थोडा. लिहून टाकते. आठ दिवस मी कुढत होते आणि त्यांना माहीत होतं! सकाळपासून तुटक बोलले. बाईंनी तीनदा लवंग पुढे केली, तिन्ही वेळा नको म्हटलं. चौथ्यांदा घेतली.

राग टिकत नाही. पाठीला अजून तो तळवा लागतोय.

१२ नोव्हेंबर

परतीच्या वाटेवर नवा चष्मा दिला. निरोपाचा तर निरोपाचा! भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली, त्यांच्या नाकावर बसवला, कानामागे नीट केला. हजारो कानांमागे केला असेल, एवढा वेळ कधी लागला नव्हता.

बाईंनी काचेतून बाहेर बघितलं.

"अगंबाई, बाणाखाली पायऱ्या आहेत की!"

मग माझ्याकडे वळून, जवळून बघून म्हणाल्या, "आणि तुला केस पिकलेत गं भिंगे. कधी?"

२९ नोव्हेंबर

बॅगेतले कांदे काढले. टोपलीत मावले सगळे. बॅग दोन दिवस उन्हात ठेवली तरी वास जाईना. बाई म्हणतात असू दे, चिरंजीवांना कळू दे मी कुठून आलेय ते.

१ डिसेंबर

बस सुटता सुटता बाईंनी खिडकी सरकवली. "भिंगे, त्या दिवशी पाठीखाली हात नव्हता हं. तू आडवी झालीस आणि मी लगेच बाजूला झाले. पायरीवर बसून बघत होते तुला." बस हलली. मी तिथेच उभी, आणि पाठीला तो तळवा अजून तसाच!